आम्ही साफ केलेला ओढा

पर्यावरण वाचवण्यासाठी आम्ही शनिवारी सकाळी सातला वातानुकूलित बसने निघणार होतो, ते पावणेआठला निघालो. तेवढा वेळ बस सोसायटीच्या फाटकाशी इंजिन चालू ठेवून उभी होती, कारण मंजिरीची स्टीलची बाटली चौथ्या मजल्यावर राहिली होती आणि इंजिन बंद केलं असतं तर आत उकडलं असतं. बाटली आणायला तिचे यजमान विनायकराव गेले, चुकीची घेऊन आले, पुन्हा गेले. प्लास्टिकची बाटली बरोबर घ्यायची नाही, ही सहलीच्या पत्रकातली पहिली अट होती. दुसरी अट प्रसन्न राहण्याची होती.

मंजिरी आमच्या सोसायटीच्या ओला-सुका कचरा समितीची अध्यक्ष. कुणाच्या ओल्या डब्यात दुधाची पिशवी सापडली तर ती पिशवी धुऊन, वाळवून त्या घराच्या दाराला टांगते. मी तिला टरकून असते. मी भूगोलाची निवृत्त शिक्षिका. एकतीस वर्षं नववी-दहावीला वारे, नद्या आणि जमिनीची धूप शिकवली, त्यामुळे या सहलीला मी आलंच पाहिजे असं तिने परस्पर ठरवून टाकलं होतं. सत्तावीस जणांत वयाने मोठी मीच. मला पुढची खिडकी मिळाली आणि दोन दिवसांपुरती मी सगळ्यांची काकू झाले.

सहल अशी: शनिवारी लोणावळ्याला मुक्काम, दुपारी भाज्याच्या पलीकडच्या एका वाडीत 'शाश्वत ग्रामजीवनाचा अनुभव', रविवारी सकाळी 'निसर्गसेवा', दुपारी जेवून परत. म्हणजे मावळातलं एक गाव आपलं पाणी, रान कसं राखतं ते बघायचं आणि जमल्यास त्यांना चार गोष्टी शिकवून यायच्या.

उर्से टोलनाक्यावर बस रांगेत थांबली तेव्हा आमच्या संयोजकाने, ओजसने, माइक हातात घेतला. तिशीचा, खादीचा झब्बा, मनगटात रुद्राक्ष, आणि बोलताना डोळे मिटायची सवय. "गाइज, आपण आता शहर मागे सोडतोय. एक दीर्घ श्वास घेऊ या." आम्ही घेतला. खिडक्या बंद होत्या, त्यामुळे जो आत आला तो आमचाच सोडलेला होता. मागच्या बाकावरून कुणीतरी "वा, फरक जाणवतो," म्हणालं.

लोणावळ्यातलं आमचं रिसॉर्ट एका टेकडीवर होतं, किंवा टेकडीचा जेवढा भाग शिल्लक ठेवला होता तेवढ्यावर. नावात अरण्य आणि आवारात गवताचा गालिचा. बाथरूममध्ये पाटी होती, 'पाण्याचा प्रत्येक थेंब अनमोल आहे. टॉवेल दोनदा वापरावा.' मी टॉवेल जपून बाजूला ठेवला आणि खिडकी उघडली. खाली निळाशार पोहण्याचा तलाव होता आणि त्यात एक टँकर धो धो ओतत होता.

हाच टँकर पुढे आमच्या बससमोर आडवा आला आणि अर्धा तास हलेना. मी उतरून चालकाशी बोलले.

"भाऊ, पाणी कुठलं आणता?"

"खाली हाय एक हीर, म्याडम." हीर म्हणजे विहीर. "शनवार-रविवार तीन खेपा. एरवी एक."

"तिथल्या लोकांना पुरतं?"

त्याने माझ्याकडे जरा बघितलं. "त्ये त्यांला इचारा," म्हणाला आणि आरसा पुसायला लागला. मी विचारलं नाही. बसला उशीर होत होता.

त्याआधी न्याहारीला नाचणीचे पॅनकेक होते. चार भाकऱ्यांच्या किमतीत एक, असं मला वाटलं. पण त्याच्यावर फूल ठेवलं होतं.

भाज्याला पोचलो तेव्हा ऊन उतरलं होतं. दिवाळी होऊन पंधरवडा झालेला. लेण्यांच्या पायऱ्यांपाशी काकडी, ताक, भाजलेलं कणीस विकणाऱ्या बायका बसल्या होत्या आणि वर लोहगड-विसापूर दोघं बाजूबाजूला उन्हात निवांत पडले होते. तिथून वाडी अर्ध्या तासाची वाट. दोन्ही बाजूंना खाचरं (बांध घातलेली भाताची शेतं), त्यांत इंद्रायणी भाताची कापणी चालू. ओल्या पेंढ्याचा आणि नव्या तांदळाचा वास असा की मी खरंच दीर्घ श्वास घेतला, कुणी न सांगता. आमच्यातल्या तिघांनी कापणाऱ्या बाईच्या हातून विळा मागून घेतला, फोटो काढले आणि विळा परत दिला. तेवढ्यात तिची एक ओळ कापून झाली असती.

वाडीत शेवंतामावशींनी आमचं स्वागत केलं. साठीच्या आसपास, अंगाने काटक, कासोट्याचं लुगडं, पायात नातवाचे बूट. बचतगटाच्या त्या प्रमुख. त्यांच्या अंगणात आम्हाला जेवायला वाढलं: तांदळाची भाकरी, पावट्याची आमटी, ठेचा, वाफाळता भात. असं जेवण मी बऱ्याच वर्षांत जेवले नव्हते. मंजिरीने भात सेंद्रिय आहे का विचारलं. मावशी म्हणाल्या, "भात हाय." मग खताचं विचारलं. "श्याणखत बी घालतो, युरिया बी घालतो. जे मिळंल त्ये." मंजिरीने ताटातला भात जरा बाजूला सारला.

जेवणानंतर पत्रकात 'ग्रामस्थांशी संवाद, पंचेचाळीस मिनिटे' असं होतं. ग्रामस्थांतर्फे मावशी आणि सुनीलभाऊ बसले. सुनीलभाऊ ओढ्यापलीकडच्या बुद्धवस्तीतले, चाळिशीचे, उर्शाच्या बाजूला एका कारखान्यात पाळ्यांमध्ये काम करणारे. दोघांनी काहीतरी सांगायचं ठरवून आणलं होतं हे दिसत होतं, कारण मावशी दोनदा म्हणाल्या, "औंदा (यंदा) आमी दोनी वस्त्यांनी मिळून..." पण तेवढ्यात कुणीतरी टेरेसवर पालक कसा लावतात ते सांगायला लागलं, मग कुणीतरी जपानमधल्या एका खेड्याचा व्हिडिओ दाखवला, मग ओजसने डोळे मिटून मातीची आपल्याशी काय बोलण्याची इच्छा आहे ते सांगितलं. पंचेचाळीसपैकी चाळीस मिनिटं आम्हीच बोललो.

"त्ये वढ्याचं बी सांगायचं व्हतं," सुनीलभाऊ म्हणाले.

"दादा, ओढा उद्या कव्हर करतोय आपण," ओजस घड्याळ बघत म्हणाला. "आता बैलगाडी."

बैलगाडीत आम्ही नऊ जण चढलो आणि बैलांनी एकदा मागे वळून बघितलं. ती राइड पन्नास पावलांवर संपली.

रविवारी सकाळी आठला आम्ही ओढ्यावर होतो. प्रत्येकाला हिरवे हातमोजे आणि मक्यापासून बनवलेली, मातीत विरघळणारी पिशवी मिळाली. ओजसने आमचे दोन गट पाडले आणि जो जास्त प्लास्टिक गोळा करेल त्या गटाला बक्षीस लावलं. शाळेत मुलांना पळायला लावताना आम्ही शिक्षक हेच करायचो. फळ तेच मिळालं: सगळे धावत सुटले.

पंचाईत अशी झाली की ओढ्यात प्लास्टिकच नव्हतं. वाडीतल्या बायकांनी खालचा भाग स्वच्छ ठेवला होता. अर्ध्या तासात आमच्या गटाला एक गुटख्याची पुडी, एक तुटकी चप्पल आणि चिप्सचं एक पाकीट मिळालं, आणि ते पाकीट आमच्यातल्याच एकाचं आदल्या दिवशीचं निघालं. लोकांचे चेहरे उतरले. इतक्या लांब येऊन कचरा नाही म्हणजे काय.

"वर जाऊ या," मंजिरी म्हणाली. "वरती बंगल्यांची बांधकामं आहेत. तिथला राडारोडा हे लोक ओढ्यात टाकतात."

आम्ही वर चढलो आणि एका वळणावर सगळेच थबकलो. ओढ्यात या काठापासून त्या काठापर्यंत सिमेंटच्या गोण्याच गोण्या. एकावर एक, चिखलाने माखलेल्या, काहींवर सिमेंटच्या कंपनीचं नाव, काहींवर खताचं. त्यांच्यावर बाभळीच्या काटेरी फांद्या टाकलेल्या. मागे पाणी तुंबलेलं, त्यावर पानं तरंगत होती.

"बघा!" मंजिरीच्या डोळ्यांत पाणी आलं. खोटं नाही सांगत, खरंच आलं. "ओढ्याचा गळा आवळलाय."

ओजस म्हणाला, "गाइज, हा आपला मोमेंट आहे."

गोण्यांची तोंडं सुतळीने शिवलेली होती आणि हातमोज्यांनी ती सुटेनात. माझ्या पर्समध्ये विणकामाची कात्री असते. ती काढून पहिली सुतळी मी कापली. हे वाक्य लिहायला मला दोन दिवस लागले आहेत, तेव्हा ते इथे राहू दे.

मग काय, आम्हाला जोर चढला. पुरुषांनी काट्या ओढून बाजूला फेकल्या, बायकांनी त्याच कात्रीने गोण्या उभ्या कापल्या, आतली माती ओढ्यात ओतली आणि रिकाम्या गोण्या खळखळून धुऊन, नीट घडी करून काठावर रचल्या. घडी घालण्यात आमच्या सोसायटीचा हात कुणी धरणार नाही. वरचे दोन थर निघाले तसं पाणी मधून फुटलं आणि धाडकन खाली धावलं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. "ओढा मोकळा झाला!" कुणीतरी ओरडलं. ओजसने त्याचा व्हिडिओ काढला. त्यात मीही टाळ्या वाजवताना दिसते.

मला मधेच एकदा काहीतरी ओळखीचं वाटलं होतं, हे कबूल करते. पण तेवढंच. गुडघा दुखत होता आणि आमचा गट पुढे होता.

खालून आधी सुनीलभाऊ आले, अनवाणी, पळत. त्यांच्या मागून शेवंतामावशी, हातात विळा तसाच. धुण्याच्या जागेपाशी ओढा एकदम गढूळ होऊन चढला होता आणि त्यावरून त्यांना कळलं होतं. वळणावर येऊन दोघं थांबले. त्यांनी फुटलेल्या गोण्या बघितल्या, मग काठावरची आमची घड्यांची चळत बघितली.

सुनीलभाऊ म्हणाले, "बांध फोडला?"

कुणालाच कळेना कसला बांध. मला कळलं. वनराई बंधारा! पावसाळा संपला की ओढ्याची धार आटण्याआधी रिकाम्या गोण्यांत माती भरून आडवा बांध घालायचा, म्हणजे पाणी अडतं, जमिनीत मुरतं, खालच्या विहिरींना उन्हाळ्यापर्यंत पाणी राहतं. एकतीस वर्षं मी हा फळ्यावर काढला. आकृती काढा व नावे द्या. माझ्या आकृतीत तो सरळ होता, बाण दाखवलेले होते आणि त्यावर चिखल नव्हता. समोर खरा आला तर मी त्याला कात्री लावली.

मावशी ओरडल्या नाहीत. त्या खडकावर बसल्या, विळा बाजूला ठेवला.

"गेल्या साली दोनी हिरी फेब्रुवारीतच तळाला गेलत्या," त्या मला म्हणाल्या, कारण मीच जवळ उभी होते. "आमची बी आन् त्यांची बी. मंग पाण्यावरनं वाद. औंदा म्हटलं, दोनी वस्त्यांनी मिळून येकच बांध घालू. वढा काय दोन न्हाईत. बारा दिस लागलं. सकाळच्या पारी माती भरायची आन् मंग कापणीला जायचं. हे सुनीलभाऊ रातपाळी करून यायचं. ह्या बिस्तरवारी (गुरुवारी) पुरा केला."

"गोण्या कुटनं आणल्या ठावं हाय का?" सुनीलभाऊ म्हणाले. "वरच्या बंगल्यांच्या बांधकामावरनं. येकेक मागून. तो कचराच व्हता, आमी त्याचं काम काढलं. आन् तुमी त्याचा परत कचरा केला."

मंजिरीला वाईट वाटलं, फार वाटलं. पण समितीची अध्यक्ष ती अध्यक्षच. "पण दादा, मायक्रोप्लास्टिक पाण्यात जातं ना यातून. तागाच्या वापरता आल्या असत्या."

सुनीलभाऊ खाली उतरून, पाण्यात वाहून चाललेली माती हाताने थोपवता येते का ते बघू लागले.

ओजसने आपल्या परीने मार्ग काढला. तो म्हणाला, जे झालं त्यातून आपण शिकलो. शिकणं हेच शाश्वत असतं. साडेबाराला रूम सोडायच्या आहेत. आणि पुढच्या बॅचची निसर्गसेवा म्हणून हा बंधाराच ठेवू. "पुढची बॅच कदी?" मावशींनी विचारलं. "तीन आठवड्यांनी." "तवर वढा ऱ्हाईल का?" याचं उत्तर पत्रकात नव्हतं. मग सगळ्यांनी मिळून मावशींची माफी मागितली, हात जोडून, मनापासून, आणि नेहमीच्या सवयीने गटाचा फोटो काढला. त्या फोटोत मागे घड्यांची चळत आहे.

बस गेली. मी राहिले. यात मोठेपणा काही नाही. पहिली सुतळी कुणी कापली ते मला माहीत होतं आणि त्या बसने जाऊन रिसॉर्टवरची ऑरगॅनिक थाळी गिळवली नसती. माझ्याबरोबर आणखी एकजण राहिलं: विनायकराव. त्यांनी बायकोला बसपर्यंत पोचवलं, तिची बाटली तिच्या हातात दिली, "तू हो पुढे," म्हणाले आणि परत आले. दोन दिवसांत मी ऐकलेलं त्यांचं हे पहिलं वाक्य. आल्यावर त्यांनी पॅन्ट गुडघ्यापर्यंत दुमडली आणि फावडं मागितलं.

अडचण गोण्यांची होती. आम्ही त्या मधोमध उभ्या चिरल्या होत्या, त्यामुळे निम्म्या कामातून गेलेल्या. मावशींनी प्रत्येक गोणी उलटून बघितली आणि जिची एकच बाजू फाटली होती ती मला शिवायला दिली. दाभण (पोती शिवायची जाड सुई) कसं धरायचं ते त्यांनी दाखवलं. तीनदा बोटात घुसलं.

"बाई, तुमी शाळंत काय शिकवायचा?" त्यांनी विचारलं.

खोटं बोलावंसं वाटलं. "भूगोल," मी म्हणाले.

"म्हंजी?"

"म्हणजे... हेच. पाणी कुठून येतं, कुठे जातं."

त्या हसल्या. दिवसभरात पहिल्यांदाच. "मंग शिकवा की त्या तुमच्या लोकांला. लय गरज हाय."

दुपारनंतर कापणीवरून आणखी माणसं आली, दोन्ही वस्त्यांतली. कुणी आम्हाला बोल लावला नाही, पण कुणी आमच्याशी फार बोललंही नाही. एक आजोबा येऊन माझ्या शिवणीकडे बघून गेले, परत आले, माझ्या हातातून दाभण घेऊन माझीच गोणी पुन्हा उसवून शिवली. उन्हं कलेपर्यंत बांध निम्म्या उंचीचा झाला. ओढ्याची धार मात्र सकाळपेक्षा बारीक दिसत होती. मी मावशींना विचारलं, पुन्हा भरेल का.

"भरंल. पर पंधरा दिसामागची धार येगळी, आताची येगळी. हिरींपुरतं व्हईल." मग म्हणाल्या, "माज्या हरभऱ्याचं न्हाई सांगत. वढ्याच्या कडंला माजं दहा गुंठं रान हाय. बांधाच्या पाण्यावर औंदा पयल्यांदा हरभरा करणार व्हते. बी आणून ठेवलंय घरात."

माफी सकाळी मागून झाली होती आणि तिने एक गोणीही भरली नव्हती.

मळवली स्टेशनावर संध्याकाळच्या लोकलची वाट बघताना विनायकराव आणि मी एका बाकावर बसलो होतो. दोघांच्याही हातांची सालं निघाली होती. विनायकराव म्हणाले, "काकू, आमच्याकडे वीस वर्षं ओला कचरा वेगळा, सुका वेगळा. मी कधी विचारलं नाही, पुढे तो कुठे जातो." लोकल आली. तळेगाव गेलं, देहूरोड गेलं, मी खिडकीतून उंच उंच इमारती बघत होते. प्रत्येकीच्या वर टाकी होती आणि त्यांतलं पाणी कुठल्या विहिरीचं ते मला, भूगोलाच्या बाईला, सांगता आलं नसतं. दोन दिवसांत आम्ही त्या वाडीला शंभर प्रश्न विचारले असतील: भात सेंद्रिय आहे का, बैल किती वर्षांचा, नेटवर्क कुठे येतं. त्या गोण्या कशाच्या, हे एकाने विचारलं नाही, कारण ते आम्हाला आधीच माहीत होतं.

पुढच्या आठवड्यात सोसायटीच्या हॉलमध्ये सहलीचा वृत्तान्त झाला. मंजिरीने मला बोलायला उभं केलं. तिच्या मनाला लागलं होतं आणि स्वतःला बोलायला जमलं नसतं असं तिने मला सांगितलं. मी सगळं सांगितलं. कात्रीसकट. मग सेक्रेटरी उठले आणि म्हणाले, "ते ठीक आहे, पण काकू, प्लास्टिक तर ओढ्याबाहेर निघालं ना?" टाळ्या पडल्या. मंजिरीने वाजवल्या नाहीत, एवढं तिच्या नावावर लिहून ठेवते.

मावशींना मी फोन केला. बांध पुरा झाला होता. आता प्रश्न राखणीचा होता. म्हशींसाठी काट्या टाकता येतात, पण त्या आम्हीच उपटल्या होत्या. इतर दिवशी रानात कुणी ना कुणी असतं. कापणी उरकल्यावर रविवारी मात्र जवळजवळ अख्खी वाडी भाज्याच्या पायथ्याशी काकडी-ताक घेऊन बसते. आठवड्याची कमाई तो एक दिवस. आणि माझ्यासारखे लोक येतात तेही रविवारीच.

"मी येते रविवारची," मी म्हणाले.

"तुमी? बसून ऱ्हाल दिसभर?"

"एकतीस वर्षं परीक्षेला पहारा दिलाय, मावशी."

तेव्हापासून चार रविवार झाले. पहाटेच्या लोकलने मळवली, तिथून चालत. मावशींनी मला एक जुनं लुगडं दिलं, कारण माझ्या चांगल्या साड्या चिखलाने गेल्या, आणि डोक्यावर घ्यायला टॉवेल. खडकावर बसते, शेजारी काठी. ऊन कोवळं असतं. विसापूरची सावली हळूहळू मागे सरकते. दुपारी कुणीतरी भाकरी आणून देतं आणि माझ्या शिवलेल्या गोण्या अजून टिकल्या आहेत का ते बघून जातं. दोन टिकल्या आहेत.

परवाच्या रविवारी खालून पंधरा-वीस जण वर आले. तरुण मंडळी, सगळ्यांच्या अंगात एकसारखे हिरवे टीशर्ट, हातात हातमोजे. दुसऱ्याच कुठल्या तरी संस्थेची बॅच. वळणावर येऊन थबकले. पुढची मुलगी गोण्यांकडे बघून हळहळली आणि मग तिचं माझ्याकडे लक्ष गेलं. ती वाकली आणि सावकाश, एकेक शब्द सुटा करून, मला कळेल अशा बेताने बोलू लागली.

"मावशी, हे प्लास्टिक आहे. प्लास्टिक. पाण्यात टाकायचं नसतं. याने नदी आजारी पडते."

मी खूप काही सांगू शकले असते. पाझर, भूजल, खडकाचा थर, सगळं तोंडपाठ. पण तिचा तो चेहरा मी आरशात बघितलेला आहे, त्याला समजावून काही पोचत नाही. मी काठी आडवी धरून उभी राहिले.

"हात लावायचा न्हाई," मी म्हणाले. "बांध हाय त्यो. दोन वस्त्यांचं पाणी हाय."

ती गोंधळून मागे सरली. तिच्या बरोबरचा मुलगा तिला म्हणाला, "जाऊ दे ना यार. यांच्यात अवेअरनेसच नाही." मग त्याने फोन काढून बांधामागे साठलेल्या पाण्याचा फोटो घेतला. त्यात आभाळ पडलं होतं, कडेला एक बगळा उभा होता.

"बघ ना," ती म्हणाली, "असं नॅचरल पाणी आता कुठे बघायला मिळतं?"

ते हसत-बोलत उतरून गेले. मी पुन्हा खडकावर बसले. तिथून ओढ्याच्या कडेचं मावशींचं रान दिसतं. पाच गुंठ्यांत हरभरा बोटभर वर आला होता. उरलेले पाच नांगरून तसेच पडले होते.